पक्षांतर्गत निवडणुकीत वृत्तपत्राने एका उमेदवाराला जाहीर पाठिंबा द्यावा का? अमेरिकेतील अनुभव

अंजनवेल (धागाकर्ता)

मतदानाला अकरा दिवस उरलेले असताना, २५ ऑक्टोबर २०२४ रोजी, 'वॉशिंग्टन पोस्ट'ने अध्यक्षपदाच्या कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा देणार नसल्याचे जाहीर केले. कमला हॅरिस यांच्या बाजूचा अग्रलेख तयार होता आणि मालक जेफ बेझोस यांच्या निर्णयामुळे तो थांबला, अशी बातमी खुद्द 'पोस्ट'च्याच वार्ताहरांनी दिली. त्याच आठवड्यात 'लॉस एंजेलिस टाइम्स'चे मालक पॅट्रिक सून-शियाँग यांनीही असाच अग्रलेख रोखल्याचे उघड झाले आणि अग्रलेख विभागाच्या प्रमुख मॅरिएल गार्झा यांनी राजीनामा दिला. बेझोस यांनी पुढे स्वतःच्या नावाने लिहिलेल्या लेखात असा युक्तिवाद केला की, वृत्तपत्राच्या पाठिंब्याने निवडणुकीचे पारडे हलत नाही, मात्र वृत्तपत्र पक्षपाती असल्याची लोकांची समजूत पक्की होते.

या युक्तिवादाचा पहिला भाग मला मान्य आहे, पण तो नोव्हेंबरच्या अंतिम लढतीपुरताच. तेथे मतपत्रिकेवर नावापुढे पक्ष लिहिलेला असतो आणि बहुसंख्य मतदारांचा निर्णय त्या पक्षाच्या नावावरच झालेला असतो. पक्षांतर्गत निवडणुकीत, म्हणजे प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणारे मतदान) आणि कॉकसमध्ये (त्यासाठीच भरणाऱ्या पक्षाच्या स्थानिक सभा), हाच आधार नाहीसा होतो. एकाच पक्षाचे आठ-दहा उमेदवार समोर उभे असतात, त्यांची धोरणे बाहेरून पाहणाऱ्याला जवळजवळ सारखी दिसतात, आणि त्यांच्यातला खरा फरक स्वभावाचा, कारभाराच्या अनुभवाचा आणि अडचणीत सापडल्यावर कोण कसे वागते याचा असतो. हा फरक दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातींतून कळत नाही. वर्षभर त्यांच्या सभांना बसलेल्या आणि त्यांना समोर बसवून तास-दीड तास प्रश्न विचारलेल्या संपादकांना तो कळू शकतो. म्हणून माझे मत असे आहे की, वृत्तपत्रांना पाठिंब्याची प्रथा बंदच करायची असेल तर त्यांनी ती नोव्हेंबरपुरती खुशाल बंद करावी. पक्षांतर्गत निवडणुकीत मात्र ती टिकवली पाहिजे.

आयोवातील 'डे मॉइन रजिस्टर'चे २००४ मधले उदाहरण पाहा. कॉकसला आठवडाभर उरला असताना या दैनिकाने डेमोक्रॅटिक पक्षात जॉन एडवर्ड्स यांना पाठिंबा दिला. तोवर चर्चा मुख्यतः हॉवर्ड डीन आणि डिक गेपहार्ट यांचीच होती. कॉकसमध्ये जॉन केरी यांना सुमारे ३८ टक्के, एडवर्ड्स यांना ३२ टक्के आणि डीन यांना १८ टक्के पाठबळ मिळाले. हे सगळे एका अग्रलेखाने घडले असे मी म्हणत नाही; केरीही त्याच दिवसांत कोणत्याही अग्रलेखाशिवाय वर आले होते. पण आठवड्यापूर्वी फारसे कोणी गंभीरपणे न घेतलेल्या उमेदवाराकडे मतदारांनी पुन्हा वळून पाहिले, आणि तसे पाहायला लावणे एवढेच अग्रलेखाचे काम असते.

टेहळणी

अंजनवेल यांनी नेमके तेच वर्ष निवडले आहे ज्यात 'रजिस्टर'चा पाठिंबा उठून दिसतो. पुढच्या वर्षांकडेही पाहू. २००८ च्या कॉकससाठी या दैनिकाने हिलरी क्लिंटन आणि जॉन मॅकेन यांची नावे घेतली. आयोवात क्लिंटन तिसऱ्या आल्या आणि मॅकेन चौथे. २०१६ मध्ये पुन्हा क्लिंटन आणि रिपब्लिकन बाजूला मार्को रुबियो. क्लिंटन यांनी बर्नी सँडर्स यांच्यावर निसटती आघाडी मिळवली, रुबियो तिसरे आले. २०२० मध्ये एलिझाबेथ वॉरन, त्याही तिसऱ्या. न्यू हॅम्पशायरच्या 'युनियन लीडर'ची हकिकत तर याहून खेदाची आहे. २०१२ साठी न्यूट गिंग्रिच यांना पाठिंबा दिला, त्यांना दहा टक्केही मते पडली नाहीत. २०१६ साठी क्रिस क्रिस्टी यांना दिला, ते सहावे आले, दुसऱ्याच दिवशी शर्यतीतून बाहेर पडले आणि महिना संपायच्या आत डोनाल्ड ट्रम्प यांच्या व्यासपीठावर जाऊन उभे राहिले. ज्या ट्रम्प यांना अडवण्यासाठी त्या दैनिकाने क्रिस्टी यांचे नाव पुढे केले होते, त्यांच्याच प्रचाराला क्रिस्टी लागले. 'आमचे चुकले' असे प्रकाशक जोसेफ मॅक्वेड यांना छापून सांगावे लागले.

मुद्दा हरण्या-जिंकण्याचा नाही, असे उत्तर येईल. माझाही मुद्दा तो नाही. अंजनवेल यांचा दावा आहे की वर्षभर जवळून पाहिल्यामुळे संपादकांना उमेदवाराचा स्वभाव कळतो. क्रिस्टी यांचा स्वभाव 'युनियन लीडर'ला कळला होता असे कोणाला म्हणता येईल का?

'न्यूयॉर्क टाइम्स'ने जानेवारी २०२० मध्ये काय केले तेही लक्षात घ्या. उमेदवारांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या, त्या शब्दशः छापल्या, निर्णयाची प्रक्रिया दूरचित्रवाणीवरही दाखवली, आणि शेवटी एमी क्लोबुशार आणि एलिझाबेथ वॉरन अशा दोघींना एकदम पाठिंबा दिला. एक नाव निवडणे हेच ज्या मतदाराला कठीण जात होते, त्याला देशातल्या सर्वांत साधनसंपन्न संपादक मंडळाने दोन नावे दिली, आणि तीही पक्षाच्या दोन वेगळ्या प्रवाहांतली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोघींनीही माघार घेतली. जो बायडन यांना त्याच मुलाखतीसाठी 'टाइम्स'च्या इमारतीत नेताना लिफ्टमध्ये सोबत असलेल्या सुरक्षा कर्मचारी महिलेने आपले त्यांच्यावरचे प्रेम मोकळेपणाने बोलून दाखवले होते. ऑगस्टमध्ये पक्षाच्या अधिवेशनात बायडन यांचे नाव औपचारिकपणे मांडण्याचा मान तिलाच मिळाला. ती गोड गोष्ट म्हणून मी हे सांगत नाही. डेमोक्रॅटिक पक्षाचा सामान्य मतदार काय विचार करत होता हे त्या इमारतीत कोणाला ठाऊक होते आणि कोणाला नव्हते, हे त्यातून दिसते.

शिवार

टेहळणी यांची यादी अचूक आहे, पण ती मला दुय्यम वाटते. संपादकांना अंदाज बांधता येतो की नाही यापेक्षा अग्रलेखात बोलतो कोण, हा प्रश्न मोठा आहे. पक्षांतर्गत निवडणुकीत मतदार थोडे असतात, राज्ये लहान असतात आणि एखाद्या राज्यात एकच दैनिक घरोघरी जात असते. त्यामुळे मालकाच्या हातात येणारी सत्ता नोव्हेंबरपेक्षा येथे कितीतरी अधिक असते. अंजनवेल ज्या कारणासाठी ही प्रथा टिकवू पाहतात, त्याच कारणासाठी ती येथे सर्वांत धोक्याची आहे.

मालक विल्यम लोब यांच्या काळातले 'मँचेस्टर युनियन लीडर', म्हणजे न्यू हॅम्पशायरचे तेच दैनिक, आठवावे. लोब पहिल्या पानावर सहीनिशी अग्रलेख लिहीत आणि ज्यांना त्यांचा विरोध असे त्यांना अक्षरशः सोलून काढत. फेब्रुवारी १९७२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षातले आघाडीचे उमेदवार होते एडमंड मस्की. मतदानाला दोन आठवडे असताना दैनिकाने एक वाचकपत्र छापले. त्यात असा आरोप होता की, फ्रेंच-कॅनेडियन वंशाच्या लोकांविषयीच्या अपमानास्पद उल्लेखावर मस्की हसले होते. आणि न्यू हॅम्पशायरमध्ये त्या वंशाचे मतदार मोठ्या संख्येने आहेत. त्याच पत्राच्या आधारे लोब यांनी पहिल्या पानावर मस्की यांच्यावर हल्ला चढवला, आणि दुसऱ्या दिवशी मस्की यांच्या पत्नीविषयीचा हिणकस मजकूरही छापला. २६ फेब्रुवारीला मस्की भर बर्फात दैनिकाच्या कार्यालयासमोर एका ट्रकवर उभे राहिले आणि लोब यांना भित्रा म्हणाले. पत्नीविषयी बोलताना त्यांचा आवाज दाटला. त्यांच्या गालांवर अश्रू होते की वितळलेला बर्फ, याचा वाद पुढे कित्येक वर्षे चालला, पण देशभर बातमी गेली ती उमेदवार रडला अशी. मस्की यांना ४६ टक्के मते मिळाली, ते पहिले आले, आणि तरीही अपेक्षेपेक्षा कमी पडले म्हणून त्यांचा प्रचार तेथून ढासळत गेला. ते पत्र बनावट होते, आणि तेव्हाचे अध्यक्ष निक्सन यांच्या व्हाइट हाउसमधल्या माणसाशी त्याचा संबंध असल्याची बातमी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने दिली.

येथे कोणाच्या बाजूने लिहिले हा प्रश्नच गौण होता. एका माणसाच्या मालकीच्या पहिल्या पानाने एका पक्षाच्या उमेदवारनिवडीची दिशा बदलली, आणि तो माणूस त्या पक्षाचा हितचिंतकही नव्हता. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये कॅसिनोसम्राट आणि रिपब्लिकन पक्षाचे बडे देणगीदार शेल्डन अ‍ॅडल्सन यांच्या कुटुंबाने 'लास व्हेगस रिव्ह्यू-जर्नल' विकत घेतले. आरंभी मालक कोण हेही गुप्त ठेवले गेले होते आणि ते शोधून काढावे लागले त्या दैनिकाच्याच वार्ताहरांना. दोन महिन्यांत नेवाडाच्या कॉकससाठी त्या दैनिकाने रुबियो यांना पाठिंबा दिला. त्यात मालकाचा हात होता असे मी म्हणत नाही, पण वाचकाच्या मनात शंका येणारच, आणि ती दूर करण्याचा कोणताही मार्ग त्याच्याकडे नसतो. अशा परिस्थितीत 'संपादक मंडळाचे मत' या शब्दांवर त्याने कशाच्या बळावर विश्वास ठेवावा?

दूरदेशी

मी न्यू जर्सीत मतदान करते. आमची अध्यक्षीय प्रायमरी सहसा जूनमध्ये येते आणि तोवर उमेदवार जवळजवळ ठरलेलाच असतो. आयोवा आणि न्यू हॅम्पशायरवर एवढी चर्चा झाली, म्हणून सांगते की बहुतेक अमेरिकी मतदारांना 'वृत्तपत्राने प्रायमरीत कोणाचे नाव घ्यावे' हा प्रश्न अध्यक्षपदासाठी कधी पडतच नाही. तो पडतो काउंटीच्या, शहराच्या आणि न्यायाधीशांच्या जागांसाठी.

नदीपलीकडच्या न्यूयॉर्कमध्ये २०२१ साली महापौरपदाची डेमोक्रॅटिक प्रायमरी झाली, तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'ने कॅथरीन गार्सिया यांना पाठिंबा दिला. शहराच्या स्वच्छता खात्याच्या त्या माजी आयुक्त होत्या आणि सर्वसामान्य मतदाराला त्यांचे नाव फारसे ठाऊक नव्हते. शेवटच्या मोजणीत एरिक अ‍ॅडम्स यांच्याकडून त्या सात हजारांहून थोड्या अधिक मतांनी हरल्या. कचरा उचलण्याची आणि साथीच्या काळात अन्नवाटपाची व्यवस्था त्यांनी कशी सांभाळली, हे त्या अग्रलेखामुळेच अनेकांना कळले, याबद्दल मला शंका नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये 'टाइम्स'ने न्यूयॉर्कमधल्या निवडणुकांत पाठिंबा देणे थांबवत असल्याचे जाहीर केले, अध्यक्षपदासाठी मात्र चालू ठेवले. जेथे वाचकाला मदतीची सर्वांत जास्त गरज होती तेथून माघार घेतली आणि जेथे सर्वांत कमी होती तेथे प्रथा राखली. मला हा निर्णय उलटा वाटतो. त्यानंतरच्या जून २०२५ च्या महापौरपदाच्या प्रायमरीत त्यांनी औपचारिक पाठिंबा दिला नाही, पण झोहरान ममदानी यांना मत देऊ नये असा सल्ला देणारा अग्रलेख लिहिलाच. ममदानी जिंकले. हवे ते नाव न सुचवता नको ते नाव तेवढे सांगणे, ही मधली वाट मला सर्वांत कमी पटते.

रात्रपाळी

मी एका दैनिकाच्या बातमी विभागात बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून आतल्या बाजूने लिहितो. अग्रलेख लिहिणारे वेगळे आणि बातम्या देणारे वेगळे, या दोघांत भिंत असते, हे आपण सगळे मानतो आणि ती खरोखर असते. पण उमेदवाराच्या कार्यकर्त्याला ती भिंत दिसत नाही. ज्या दिवशी एखाद्या पक्षाच्या पाच उमेदवारांपैकी एकाचे नाव अग्रलेखात येते, त्या दिवसापासून उरलेल्या चौघांच्या सभेत जाणारा वार्ताहर 'त्यांचा माणूस' ठरतो. फोन घेतले जात नाहीत, आतली माहिती मिळत नाही, आणि तिखट प्रश्न विचारला तर तो प्रश्न मालकाने पाठवला असे मानले जाते.

'न्यूयॉर्क टाइम्स'ने २५ जानेवारी २००८ रोजी रिपब्लिकन प्रायमरीसाठी मॅकेन यांना पाठिंबा दिला आणि महिना भरायच्या आत त्याच दैनिकाने एका लॉबिस्टशी (कंपन्यांच्या वतीने सरकारदरबारी वजन वापरणाऱ्या व्यक्तीशी) असलेल्या मॅकेन यांच्या संबंधांवर शंका घेणारी, पुढे बरीच वादग्रस्त ठरलेली बातमी छापली. भिंत शाबूत असल्याचा हा पुरावा म्हणता येईल. मॅकेन यांच्या प्रचारयंत्रणेने मात्र याच बातमीकडे बोट दाखवून उदारमतवादी दैनिकाचा हल्ला म्हणून देणग्या मागितल्या. वृत्तपत्राला पाठिंब्यातून मिळालेला मान शून्य, आणि बातमीवरचा विश्वासही कमी झाला. आज अमेरिकेतली शेकडो लहान दैनिके दोन-तीन वार्ताहरांवर चालतात आणि तेथे संपादकच कधी बातमी लिहितो, कधी अग्रलेख. अशा ठिकाणी भिंत बांधायला माणसेच उरलेली नाहीत. आल्डेन ग्लोबल कॅपिटल या अनेक दैनिकांची मालकी असलेल्या गुंतवणूक कंपनीच्या दैनिकांनी २०२२ मध्ये अध्यक्ष, राज्यपाल आणि सिनेट या पदांसाठी पाठिंबा देणे थांबवले, त्या कंपनीच्या हेतूंविषयी मला आदर नाही. पण निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही.

अंजनवेल

रात्रपाळी यांचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. जेथे एकच माणूस बातमी आणि अग्रलेख दोन्ही लिहितो तेथे पाठिंबा देऊ नये, हे मी मान्य करतो. पण जेथे स्वतंत्र संपादक मंडळ आहे तेथेही गप्प राहिल्याने संशय जात नाही. २०२४ मध्ये 'पोस्ट' गप्प राहिले आणि अडीच लाख वर्गणीदारांनी वर्गणी बंद केली, कारण त्या मौनालाही लोकांनी एक बाजूच मानले.

शिवार यांनी मस्की यांची हकिकत फार चांगली सांगितली, पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष मला वेगळा दिसतो. मस्की यांना बुडवले ते बनावट पत्राने आणि पत्नीविषयीच्या मजकुराने. लोब यांनी 'मी अमुक उमेदवाराच्या बाजूचा आहे आणि माझी कारणे ही' एवढेच लिहून थांबवले असते तर ट्रकवरचे ते भाषण झालेच नसते. उघड पाठिंबा आणि आडून केलेला प्रचार यांतला फरक मराठी वाचकाला वेगळा सांगायला नको. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत वेगवेगळ्या दैनिकांत उमेदवारांची स्तुती करणारा शब्दशः सारखा मजकूर बातमी म्हणून छापून आला आणि पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा प्रश्न प्रेस कौन्सिलपर्यंत गेला, हे आपण पाहिले आहे. आपल्याकडे अग्रलेखातून उमेदवाराचे नाव घेऊन पाठिंबा देण्याची औपचारिक रीत नाही, म्हणून आपली वृत्तपत्रे तटस्थ होती असे तेव्हा कोणी म्हणू शकले नाही.

प्रभावाविषयी एक अभ्यास उपयोगी आहे. चून-फांग च्यांग आणि ब्रायन नाइट या अर्थशास्त्रज्ञांनी २००० आणि २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकांतील पाठिंब्यांचा अभ्यास केला. त्यांना असे आढळले की पाठिंब्याचा परिणाम होतो, पण तो वृत्तपत्राच्या विश्वासार्हतेवर अवलंबून असतो. डावीकडे झुकलेल्या दैनिकाने डेमोक्रॅटिक उमेदवाराचे नाव घेतले तर फारसे काही घडत नाही, तेच तटस्थ किंवा उजवीकडच्या दैनिकाने घेतले तर घडते. वाचक भोळा नसतो, तो कोण बोलतो आहे हे पाहूनच ऐकतो.

टेहळणी

तो अभ्यास अंतिम लढतीचा आहे, ज्या लढतीत पाठिंबा बंद केला तरी चालेल असे आपणच वर म्हटले आहे. त्याचा निष्कर्ष प्रायमरीला तसाच्या तसा लागू होत नाही. प्रायमरीत कोणाच्या शब्दाला वजन असते हे २०२० मध्ये दक्षिण कॅरोलिनात दिसले. कोलंबियातल्या 'द स्टेट' या दैनिकाने पीट बुटिजेज यांना पाठिंबा दिला. मतदानाच्या तीन दिवस आधी खासदार जिम क्लायबर्न यांनी बायडन यांना दिला. बायडन प्रचंड मताधिक्याने जिंकले आणि सगळ्या शर्यतीचे चित्रच पालटले. क्लायबर्न यांना त्या राज्यातले कृष्णवर्णीय मतदार जवळजवळ तीन दशके मत देत आले होते. त्यांचा शब्द चुकला तर लोक त्यांना जाब विचारू शकतात, पुढच्या वेळी पाडू शकतात. संपादक मंडळाला कोण पाडणार? 'बॉस्टन ग्लोब'ने डिसेंबर २०१८ मध्ये वॉरन यांना निवडणूक लढवण्याविषयी पुन्हा विचार करा असे सांगितले, त्या दुही वाढवणाऱ्या झाल्या आहेत असे लिहिले, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांनाच पाठिंबा दिला. मॅसॅच्युसेट्स या त्यांच्या स्वतःच्या राज्यात त्या तिसऱ्या आल्या. या दोन अग्रलेखांमधल्या चौदा महिन्यांचा हिशेब वाचकाने कोणाकडे मागायचा?

अंजनवेल

'ग्लोब'कडेच, आणि आपण तो आत्ता मागितलात. दोन्ही अग्रलेख तारखेसह छापलेले आहेत, दोन्हींत कारणे दिलेली आहेत, आणि ती एकमेकांना कोठे छेदतात हे कोणताही वाचक पानावर बोट ठेवून दाखवू शकतो. संपादकांना मतपेटीतून पाडता येत नाही हे खरे, म्हणूनच तर त्यांच्याकडून लेखी कारणे घेतली पाहिजेत. मालकाविषयीच्या शिवार यांच्या शंकेवरचा उपायही मला यात जोडावासा वाटतो. पाठिंबा देणाऱ्या प्रत्येक अग्रलेखाखाली मंडळात कोण होते, मत कसे विभागले गेले आणि मालकाने निर्णयात भाग घेतला की नाही, हे छापलेच पाहिजे. मुलाखती 'टाइम्स'ने २०२० मध्ये छापल्या तशा पूर्ण छापाव्यात, म्हणजे ज्याला मंडळाचा निष्कर्ष पटत नाही त्याला स्वतःचा काढता येईल.

शिवार

मालकाचा सहभाग छापण्याची अट ज्या दिवशी एखादे मोठे दैनिक लेखी स्वीकारेल, त्या दिवशी मी माझा विरोध मागे घेईन. अट पाळली जाते की नाही हे तपासणार कोण, ते मात्र आपण लिहिलेले नाही. बेझोस यांचा निर्णय बाहेर आला तो 'पोस्ट'च्या वार्ताहरांनी नोकरीची पर्वा न करता बातमी दिली म्हणून, आणि नेवाडातल्या मालकाचे नावही तसेच बाहेर आले. म्हणजे पाठिंब्याच्या प्रथेची राखण शेवटी बातमी विभागच करतो, आणि रात्रपाळी सांगतात तसे तिचे चटकेही त्यालाच बसतात. आपला प्रस्ताव त्या विभागाला विचारून झाला पाहिजे, मंडळाला नव्हे.